पातं मध्ये ठेवून भांडूया

नमस्कार श्रोतेहो.

मी सांगलीची. गेली वीस-बावीस वर्षं सुऱ्या जमवते आहे. पहिली मिरजेच्या बाजारात घेतली, तीही भाजी चिरायला. तिची मूठ हातात अशी काही बसली की ती कुणी केली हे शोधत मी गेले, आणि मग त्या वाटेवरून परत आलेच नाही. लोक विचारतात, एवढ्या सुऱ्यांचं करता काय? मी त्या वापरते, पुसते, तेल लावून ठेवते, आणि ज्यांनी त्या घडवल्या त्यांच्याशी बोलते. आज बोलायचंय ते या बोलण्याबद्दल. हाताने सुऱ्या करणारे आणि त्या घेणारे असे आम्ही ठिकठिकाणी विखुरलेलो आहोत. गाठ पडते ती बहुतेक मोबाइलवरच, आणि तिथे आम्ही एकमेकांशी फार वाईट भांडतो.

भांडायचे विषय खोटे नाहीत, हे आधी सांगते. ‘दमास्कस’ हा एक शब्दच घ्या. जुन्या काळी दक्षिण भारतात, आजच्या तेलंगण, कर्नाटक आणि तमिळनाडूच्या मुलखात, बंद मुशीत लोखंड वितळवून पोलाद करत. त्यात कार्बन साधारण दीड टक्का असे. ते पोलाद पश्चिम आशियापर्यंत जाई, आणि त्याच्या तलवारींवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसे. मूळचं दमास्कस ते हे. ती नक्षी कुणी वरून काढलेली नसे. पातं घडताना पोलादाच्या पोटातच कार्बाइडच्या, म्हणजे लोखंड आणि कार्बनच्या कडक संयुगाच्या, बारीक कणांच्या ओळी लागत. पुढे ती विद्या विसरली गेली. 1998 साली अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होवेन आणि लोहारकाम करणारे अल्फ्रेड पेंड्रे यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिलं, की त्या ओळी लागण्यामागे व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अगदी चिमूटभर अंश असतो.

आज बाजारात ज्याला दमास्कस म्हणतात ते वेगळं. दोन जातींच्या पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचायच्या, भट्टीत तापवून घणाखाली एकजीव करायच्या, घडी घालायची, पुन्हा ठोकायचं. यातल्या एका जातीत निकेल असतं. शेवटी पातं फेरिक क्लोराइडमध्ये बुडवलं की बिननिकेलचा थर काळवंडतो, निकेलचा लखलखीत राहतो. विल्यम मोरान या अमेरिकन कारागिराने 1973 मध्ये अशा सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या आणि तिकडे ही रीत पुन्हा जोराने सुरू झाली.

आता संग्राहक म्हणतो, ‘हे खरं दमास्कस नव्हे.’ करणारा म्हणतो, ‘मी आठ दिवस भट्टीपुढे भाजलो ते काय खोटं?’ दोघंही खरं बोलताहेत, पण दोन वेगळ्या वस्तूंबद्दल. समोरासमोर बसले असते तर चहा निवायच्या आत हे उलगडलं असतं.

तिसरा प्रकार मात्र निव्वळ फसवणुकीचा आहे. साध्या स्टेनलेस पात्यावर लेसरने नक्षी उठवतात आणि थरांचं पातं म्हणून विकतात. त्याबद्दल बोललंच पाहिजे, मोठ्याने बोललं पाहिजे. गोडीगुलाबीच्या नावाखाली तिथे गप्प बसणं मला मान्य नाही.

दुसरा वाद असतो कडकपणाचा. एकदा एका संग्राहक मित्राला घेऊन मी वाळवा तालुक्यातल्या एका लोहारमामांकडे गेले होते. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आलेला, ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांतून कोयते घडत होते. मित्राने एक कोयता उचलला, धारेवर कानस फिरवली आणि म्हणाला, ‘मामा, हे कच्चं राहिलंय. कानस धरतंय.’ त्याचं म्हणणं पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. चांगली स्वयंपाकाची सुरी रॉकवेलच्या मापात साठच्या आसपास कडक असते, तिच्यावरून कानस नुसती सरकते.

मामांनी भाता थांबवला. म्हणाले, ‘धरायलाच पायजे की. फडात दुपारी धार गेली तर गडी तिथंच कानस मारून कामाला लागला पायजे. लई कडक पाणी दिलं आणि उसाच्या बुडाला दगड लागला, तर टवका उडतोय. मग त्यानं काय करायचं?’ आमचा मित्र तिथेच उकिडवा बसला. पुढचा तासभर तो विचारत होता आणि मामा सांगत होते. पाणी, म्हणजे तापलेलं पातं बुडवून कडक करणं, कुठवर द्यायचं, पाठ मऊ का ठेवायची, रंग कुठला आला की उतरवायचं. ‘कच्चं’ हा शब्द त्याने मागे घेतला असं काही झालं नाही. तो शब्द तिथे कोयत्यासमोर टिकलाच नाही.

अमेरिकेत 1976 साली सुरू झालेली लोहारांची एक संस्था आहे, अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी. तिची परीक्षा मला फार आवडते. एकाच सुरीने इंचभर जाडीचा टांगलेला दोर एका घावात तोडायचा, मग लाकडाची जाड पट्टी दोनदा तोडायची, मग त्याच धारेने हातावरचे केस काढून दाखवायचे, आणि शेवटी पातं व्हाइसमध्ये धरून नव्वद अंशांत वाकवायचं. तुटलं की नापास. परीक्षेत सुरी कायमची जाते. पण कशाला चांगलं म्हणायचं हे आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे नंतर कुणाच्या लायकीवर बोलायची वेळच येत नाही.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या मिरजेत सतारमेकर आहेत. ही मंडळी मूळची शिकलगार. तलवारी, कट्यारी घासायच्या, त्यांना धार द्यायची, हा पिढीजात धंदा. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी आटली आणि फरीदसाहेबांसारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या हातांचं. तिथे जवारी, म्हणजे तारेच्या आवाजातला झंकार, लावताना कधी बसून बघा. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानशीने केसभर घासायचा, तारेखालचा दोरा जरासा सरकवायचा, पुन्हा छेडायचं. गाणाऱ्या बाई म्हणतात, ‘आवाज बंद वाटतोय.’ कारागीर म्हणतो, ‘ताई, जरा थांबा, खर्ज ऐका.’ मतभेद पुष्कळ होतात, तासन्‌तास चालतात. पण दोघांचेही कान एकाच तंबोऱ्याला लागलेले असतात. सुरीच्या बाबतीत आम्ही हेच गमावलं आहे. फोटोवर भांडताना पातं कुणाच्याच हातात नसतं, मग हाताला लागतो तो माणूस.

हे मी दुसऱ्यांबद्दल बोलत नाही. तीन वर्षांपूर्वी तासगावकडच्या एका तरुणाने आपल्या सुरीचा फोटो आमच्यात पाठवला होता. नक्षी मला फार एकसारखी वाटली. फारच. मी सगळ्यांसमोर लिहिलं, ‘ही लेसरची आहे, फसू नका.’ इतकंच. माझं वय, माझा संग्रह यामुळे माझ्या शब्दाला वजन होतं आणि ते मला माहीत होतं. तासाभरात दहा-बारा जण त्याच्यावर तुटून पडले. एकाने त्याची जात काढली. ‘घिसाडी’ हा शब्द शिवीसारखा वापरला. ज्या समाजाने पाल ठोकून, गावोगाव फिरून आपले विळे, खुरपी, कुऱ्हाडी केल्या, त्याचं नाव शिवी म्हणून! मी ते वाचलं आणि काहीच बोलले नाही. सुरीबद्दलची चूक एक वेळ पोटात घालता येईल. ते गप्प बसणं मला आजही खुपतं.

चौथ्या दिवशी तो मुलगा एसटीने माझ्या घरी आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरी, एक पॉलिश पेपर आणि औषधाच्या बाटलीत फेरिक क्लोराइड. म्हणाला, ‘काकू, तुमच्यासमोर घासतो. तुम्ही बघा.’ मुठीजवळ अंगठ्याएवढी जागा त्याने घासून पांढरी केली. नक्षी पुसली गेली. मग कापसाने त्यावर औषध लावलं आणि आम्ही दोघं पंख्याखाली गप्प बसून राहिलो. लेसरची नक्षी असती तर ती जागा कोरीच राहिली असती. मिनिटा-दोन मिनिटांत थर वर आले, आधीच्या रेषांना जाऊन जुळले.

त्याच्या दोन ऑर्डरी माझ्यामुळे गेल्या होत्या. मी माफी मागितली, ती जिथे आरोप केला होता तिथेच, सगळ्यांसमोर, आणि जातीवरून बोलणाऱ्याचं नाव घेऊन त्यालाही सुनावलं. काही जण म्हणाले, एवढं कशाला, खासगीत सांगायचं होतं. खासगीत सांगायला हवी होती ती शंका. आरोप चारचौघांत आणि माफी कानात, हा कुठला न्याय?

तेव्हापासून मी एक पथ्य पाळते. सुरी हातात घेतलेली नसेल तर ते आधी लिहिते. ‘फोटोवरून असं वाटतं, मी हाताळलेली नाही.’ मग करणाऱ्याला विचारते, पोलाद कुठलं, पाणी स्वतः दिलं की बाहेरून करून घेतलं. बाहेरून करून घेण्यात कमीपणा काही नाही, तसं सांगितलं म्हणजे झालं. 2024 च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा ती महाराजांचीच का यावर घराघरात आवाज चढले होते. त्या लंडनच्या संग्रहालयाने मात्र साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट ग्रँट डफ याच्याबद्दल पेटीवर काय कोरलंय ते सांगितलं, आणि हीच ती वाघनखं याची खात्री करता आलेली नाही, हेही सांगितलं. मी रांगेत उभी राहून ती पाहिली. माझ्या पुढचे आजोबा काचेला हात जोडून उभे होते आणि मागची दोन मुलं तारखांवरून वाद घालत होती, हळू आवाजात, आजोबांना त्रास होऊ नये म्हणून.

तासगावची ती सुरी मी त्याच दिवशी विकत घेतली. मुठीजवळची घासलेली जागा अजून बाकीच्या पात्यापेक्षा किंचित उजळ आहे. मध्यंतरी तो मुलगा म्हणाला, ‘काकू, द्या, सगळी एकसारखी करून देतो.’ मी दिली नाही. आज सकाळी तिनेच कांदा चिरला.