थरथर कुठून येते?

(दृश्य: सीताबर्डी. खाली वाहनं, वरून मेट्रो.)

सीताबर्डीवरून बस गेली की जमीन हलते. पायांना कळत नाही, भूकंपमापकाला कळतं. सेकंदाला साधारण १ ते १० वेळा. पंचाईत अशी, की पृथ्वीच्या पोटातली मंद थरथरही याच पट्ट्यात असते. शहरात ती हरवून जाते.

(दृश्य: कॉलेजची प्रयोगशाळा. पडद्यावर नोंदी.)

या नोंदी जपानच्या आहेत. १९९५च्या कोबे भूकंपानंतर जपाननं देशभर विंधनविहिरी खणून १०० मीटर आणि त्याहून खोल मापक बसवले. गोंगाट वरच राहिला. म्हणूनच २००२ साली काझुशिगे ओबारा यांनी नैऋत्य जपानखाली, सुमारे ३० किलोमीटर खोल, दिवसचे दिवस चालणारी थरथर जगासमोर मांडली.

भूकंपाचं ठिकाण काढणं त्या मानानं सोपं. आधी वेगवान पी लहर येते, मग तिच्याहून हळू एस लहर. मधल्या वेळावरून अंतर निघतं. थरथरीला ठळक सुरुवातच नसते.

(दृश्य: मारबतीची मिरवणूक, लांबून.)

लांबून मारबत येते तेव्हा ढोलाचा एकेक ठोका वेगळा ऐकू येत नाही. आवाज भरतो कधी, ओसरतो कधी, ते मात्र समजतं.

(दृश्य: विद्यार्थिनी, आलेख.)

या मुली तेच पकडताहेत. नोंदीतले बारीक दाते काढायचे, चढउतार तेवढा ठेवायचा. मग एका मापक-केंद्राचा चढ दुसऱ्याच्या चढावर सरकवून बसवायचा. जितके सेकंद सरकवावा लागला, तितका उशीर. आता जमिनीखाली एक बिंदू धरायचा. तिथून निघालेली एस लहर कुठल्या केंद्रावर कधी पोचेल? उशीर जुळत नाही? बिंदू हलवा. पुन्हा मोजा. असे हजारो बिंदू तपासल्यावर एका जागी सगळं जवळ येतं. तोच थरथरीचा उगम. नकाशावरची जागा बरी सापडते, खोली मात्र सहज हाती लागत नाही.

जपानच्या शिकोकू बेटाखाली हे उगम फिलिपाईन समुद्राची प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा मोठा तुकडा, खाली सरकते तिथे सापडले. त्याच सीमेच्या वरच्या, अडकलेल्या भागात महाभूकंप होतात.

(दृश्य: नागपूरबाहेरचं माळरान, विंधनविहीर.)

नागपूरखाली तशी प्लेट नाही. पण १९९७चा जबलपूरचा भूकंप सुमारे ३५ किलोमीटर खोल झाला होता. एवढ्या खोलवरचं ऐकायचं तर मापक गोंगाटाखाली हवेत. कोयना परिसरात ते विंधनविहिरींत उतरवले आहेत. विदर्भातही उतरवायला हवेत. आणि जपानच्या नोंदी नाव नोंदवलं की मोफत मिळतात, म्हणून या मुली इथे बसून शिकल्या. आपल्या केंद्रांच्या सलग नोंदीही त्यांना तितक्याच सहज मिळाव्यात.