पदकाच्या आधीची पंधरा वर्षे

(कोल्हापूर जिल्ह्यातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि श्रोतेहो,

१ ऑगस्ट २०२४ च्या दुपारी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने फ्रान्समधल्या शातोरूच्या नेमबाजी रेंजवर पन्नास मीटर रायफल प्रकारात ४५१.४ गुणांसह ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले, तेव्हा अवघ्या महाराष्ट्राला खाशाबा जाधवांची आठवण झाली. हेलसिंकीला १९५२ साली खाशाबांनी आणलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळायला बहात्तर वर्षे लागली. त्या दिवशी गुलाल उधळला गेला, बक्षिसे जाहीर झाली, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मी जिल्हा पातळीच्या स्पर्धांत रेंज ऑफिसर म्हणून बरीच वर्षे उभा राहिलो आहे, आणि मला बोलायचे आहे ते गुलालाच्या आधीच्या काळाबद्दल. स्वप्नील २००९ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. तिथून शातोरूपर्यंत पंधरा वर्षे होतात, आणि ती कोणाच्या तरी खर्चाने, कोणाच्या तरी रेंजवर, कोणी तरी दिलेल्या रजेवर गेलेली असतात.

या खेळातले अंतर किती सूक्ष्म असते, ते आधी सांगतो. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा जो ठिपका असतो, त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. आणि त्यावर मारायचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे ठिपक्यापेक्षा छर्राच नऊ पट मोठा. शिवाय आता गुण दशांशात मोजतात, आणि एका दशांशाची किंमत मध्यापासून पाव मिलिमीटर इतकीच असते. जाड कॅनव्हासचे जॅकेट घालून ताठ उभी राहिलेली चौदा वर्षांची मुलगी रायफल खांद्याला लावते, श्वास अर्धा सोडते, थांबते आणि पुष्कळदा न झाडताच रायफल खाली घेते. नवख्या पालकांना वाटते, पोरगी घाबरली. प्रत्यक्षात ती तेव्हाच शिकलेली असते, कारण न झाडण्याचा निर्णय वेळेवर घेता येणे हीच या खेळातली निम्मी विद्या आहे.

आता खर्चाकडे येऊ. आपल्याकडे बोलणे होते ते रायफलीच्या किमतीचे. ती लाखांत असते हे खरे, पण रायफल एकदाच घ्यायची असते. नेमबाजाला रोज लागते ती गोळी. पन्नास मीटरच्या रायफलीत लागणाऱ्या पॉइंट टू टूच्या गोळ्यांची गंमत अशी, की एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटमधल्या, म्हणजे कारखान्यातून वेगवेगळ्या खेपेला निघालेल्या, गोळ्या एकाच नळीतून सारख्या जात नाहीत. म्हणून नळी शिकंज्यात घट्ट बसवून प्रत्येक लॉटच्या काही गोळ्या झाडून पाहतात, आणि ज्या लॉटची छिद्रे एकमेकांत मिसळून एकच छिद्र झाल्यासारखी दिसतात, तो लॉट स्पर्धेसाठी राखून ठेवतात. ही चाचणी करायला मुळात निवडण्याइतके लॉट समोर असावे लागतात. ज्याच्या हातात महिनाअखेरीला दोनच डबे पडतात, तो निवडणार काय? तो मिळेल त्या गोळीवर नेम जुळवतो, आणि गुण घसरले की दोष स्वतःच्या हाताला देतो.

या अडचणीवर आपल्याकडे दोन वाटा निघाल्या. एक अभिनव बिंद्राची: घरच्यांनी घरीच रेंज बांधून दिली आणि २००८ मध्ये बीजिंगला देशाचे पहिले वैयक्तिक सुवर्ण आले. या वाटेचा मला आदरच आहे. फक्त ती बांधायला ऐपत लागते. दुसरी वाट संस्थांची. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर घडलेली अंजली भागवत एनसीसीतून आली होती. २००३ मध्ये मिलानला तिने विश्वचषकाची अंतिम स्पर्धा जिंकली. आपल्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेती झाली, आणि तिचे पाहून रेंजवर आलेल्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतले. स्वप्नीलच्या मागे प्रबोधिनी होती, मध्य रेल्वेची तिकीट तपासनिसाची नोकरी होती आणि स्वतः ऑलिंपिक खेळलेल्या दीपाली देशपांडे प्रशिक्षक म्हणून होत्या. लोक ‘टीसी’ हा शब्द कौतुकाने उच्चारतात, पण त्या नोकरीतला मोलाचा भाग म्हणजे दरमहा ठरल्या तारखेला येणारा पगार.

संघटनेच्या कामात मला सर्वांत नाजूक वाटते ती निवड. ऑलिंपिकचा कोटा, म्हणजे तिथे खेळण्याची जागा, नेमबाज मिळवतो, पण तो मालकीचा होतो देशाच्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील अठराव्या वर्षी दहा मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला आणि कोटाही मिळाला. त्याच स्पर्धेत स्वप्नील त्याच्या पन्नास मीटरच्या प्रकारात चौथा आला आणि त्यानेही कोटा मिळवला. दोघांनाही २०२४ च्या उन्हाळ्यात दिल्ली आणि भोपाळच्या चाचण्यांतून पुन्हा जावे लागले. स्वप्नील गेला, रुद्रांक्ष राहिला. रुद्रांक्षबद्दल मला हळहळ वाटली, आजही वाटते. तरी चाचण्यांची पद्धत मला चूक वाटत नाही. दोन वर्षांपूर्वीचा फॉर्म कपाटात जपून ठेवता येत नाही. माझा आग्रह एवढाच, की नियम पुरेसे आधी छापलेले असावेत आणि मध्येच बदलू नयेत. हरलेल्या मुलाच्या वडिलांना कागद दाखवता आला पाहिजे.

रिओ आणि टोकियो, दोन ऑलिंपिकांतून नेमबाज रिकाम्या हातांनी परतले, तेव्हा मुलांच्या मनाच्या कणखरतेवर भरपूर लिहिले गेले. टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला आणि तिची मोलाची मिनिटे गेली. शस्त्र दुरुस्त करणारा जाणकार आपल्याकडे किती जिल्ह्यांत आहे, हे मात्र त्या वेळी फारसे कोणी विचारले नाही. आमच्याकडे एअर रायफलीचे हवा अडवणारे सील गळायला लागले की ती पुण्याला जाते आणि मुलगा चार-पाच दिवस नुसता होल्डिंगचा, म्हणजे न झाडता नेम धरून स्थिर उभे राहण्याचा, सराव करतो.

राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली उभी राहिली, ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांच्या पुढाकाराने, आणि त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नेमबाजांच्या तोंडी नुसती ‘मावळणकर’ असते. तिथवर पोहोचणाऱ्या मुलाला पन्नास मीटरची रेंज लागते, म्हणजे मोकळी जागा, मातीचा बांध आणि पोलीस परवानगी. दहा मीटरला यातले काहीच नको. शाळेचे सभागृह पुरते. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेने तसे सभागृह संध्याकाळी सहा ते आठ देऊ केले आहे. चार लेन बसतात. लक्ष्यामागे लावायला जाड लोखंडी पत्रे हवे आहेत, आणि कार्यक्रमानंतर मी दाराशी थांबणार आहे.