नायजरच्या धारेनं माली

[दृश्य : सकाळचं बामाको. नदीवरच्या पुलावर दुचाकींची गर्दी.]

मालीला समुद्र नाही. सात देशांनी त्याला वेढलंय. बाहेरून माल आणायचा, तर डाकारसारख्या परमुलखातल्या बंदराची वाट धरावी लागते. पण मालीला नायजर नदी आहे. आपली गोदावरी अरबी समुद्र जवळ असून त्र्यंबकेश्वरहून पूर्वेला निघते. नायजरही तशीच. गिनीच्या डोंगरात, अटलांटिकपासून जेमतेम अडीचशे किलोमीटरवर तिचा उगम. तिथून ती थेट सहाराच्या दिशेनं जाते, मालीतल्या तिंबक्तू शहरापाशी वळते आणि सुमारे ४,१८० किलोमीटर वाहून नायजेरियात समुद्राला मिळते. मालीतली बहुतेक जुनी शहरं या नदीच्या नाहीतर तिच्या उपनद्यांच्या काठी वसली. म्हणून हा देश पाहायचा तो नदीच्या धारेनं.

सुरुवात बामाकोपासून. ही राजधानी. मुंबईहून थेट विमान नाही, अदिस अबाबामार्गे जाता येतं. व्हिसा लागतो आणि पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्रही. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची. हे प्रमाणपत्र परत येतानाही जपून ठेवा, कारण ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं.

चलन सीएफए फ्रँक, आठ देशांचं सामाईक. त्याचा दर युरोशी बांधलेला, एका युरोला सुमारे ६५६ फ्रँक. बाजारात रोख पैसेच चालतात. फ्रेंच अजून कामाला येते, पण २०२३ च्या राज्यघटनेनं तिचा अधिकृत दर्जा काढून तो देशातल्या तेरा भाषांना दिला. त्यांतली सर्वांत जास्त बोलली जाणारी बंबारा. सकाळी दुकानात शिरताना 'इ नि सोगोमा' म्हणा. घरच्यांची खुशाली विचारा, मग भाव. इथे विचारपूस न करता कामाचं बोलणं उद्धटपणाचं समजतात.

जेवायला 'तो' मिळेल. बाजरीच्या किंवा ज्वारीच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत भेंडीचं नाहीतर शेंगदाण्याचं कालवण. मराठी माणसानं हा घास जरा सावकाश खावा. बाजरी मुळात पश्चिम आफ्रिकेची. माणसानं ती पिकवल्याचे सर्वांत जुने, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे पुरावे ईशान्य मालीतल्या तिलेम्सी खोऱ्यात सापडलेत. आपल्या भाकरीचं पीठ तिथून आलंय.

[दृश्य : जेने. मशिदीची भिंत, जवळून.]

पुढे बानी या उपनदीकाठी जेने. इथली १९०७ मध्ये बांधलेली मशीद सगळी मातीची. भिंतीतून ताडाच्या लाकडांच्या मोळ्या बाहेर आलेल्या दिसतात. त्या नुसत्या शोभेच्या नाहीत. दरवर्षी पावसाळ्याआधी भिंती लिंपताना गवंडी त्यांवर पाय देऊन वर चढतात. खड्ड्यात मातीत भाताचा कोंडा मिसळून ती काही दिवस कुजवतात, पोरं ती पायांनी तुडवतात, बाया पाणी आणतात आणि सगळं गाव लिंपायला लोटतं. मिनारांच्या टोकांवर शहामृगाची अंडी बसवलेली आहेत. बिगरमुस्लिमांना आत प्रवेश नाही, पण बाहेरचा हा कारभारच पाहण्यासारखा आहे.

हवामानाचं म्हणाल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे, फक्त हरमतान वाऱ्याची धूळ सोसावी लागते. मार्च ते मे पारा चाळिशीच्या वर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. २०१२ पासून माली सशस्त्र संघर्षात होरपळतोय. सप्टेंबर २०२३ मध्ये याच नायजर नदीतल्या एका प्रवासी बोटीवर हल्ला झाला, किमान ४९ नागरिक मारले गेले. २०२५ मध्ये देशाच्या पश्चिमेतून भारतीय कामगारांचं अपहरण झालं. अनेक देश आपल्या नागरिकांना मालीत जाऊ नका असंच सांगतात, आणि आमचंही सांगणं तेच. जेने आणि तिंबक्तू सध्या पडद्यावरच पाहा. कामानिमित्त जाणं अटळ असेल, तर बामाकोतल्या भारतीय दूतावासात आधी नाव नोंदवा.

[दृश्य : तिंबक्तू. हस्तलिखिताचं पान.]

याच तिंबक्तूत खगोल, वैद्यक आणि धर्मशास्त्रावरची हस्तलिखितं घराघरांत पिढ्यानपिढ्या सांभाळली गेली. २०१२ मध्ये सशस्त्र गटांनी शहर घेतलं, तेव्हा ग्रंथपालांनी आणि त्या घराण्यांनी ती पत्र्याच्या ट्रंकांत भरली आणि जीव धोक्यात घालून, कधी रस्त्यानं तर कधी याच नदीतून होडीनं, दक्षिणेकडे पोचवली. पुढे बामाकोची दमट हवा कागदाला मानवेना. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांतल्या काही पेट्या सरकारनं तिंबक्तूला परत पाठवल्या.