‘प’ फुटला

(लाल दिवा लागतो. पंख्याची घरघर थांबते.)

रेकॉर्डिंगला बसायचं तर आधी पंखा बंद करायचा, भर मे महिना असला तरी. पुण्यातल्या एका कॉलेजच्या कम्युनिटी रेडिओची ही खोली. भिंतींना फोम, मधे काच, काचेपलीकडे मिक्सरवर बसलेला वर्गातलाच मित्र. माइकसमोर बसलेली मुलगी लातूरची. सकाळी कॉलेज, दुपारपासून रात्रीपर्यंत सदाशिव पेठेतली अभ्यासिका.

पानं तिनं सुटी ठेवलीत. पिन मारलेला कागद उलटला की त्याची खसखस माइक पकडतो. पहिल्याच पानावर एक ओळ खोडलेली आहे. ‘मी अभ्यासिकेत वाचन करत आहे.’ त्यातल्या ‘वाचन करत आहे’च्या डोक्यावर निळ्या पेनानं लिहिलंय, ‘वाचूलालेय’.

(जुना व्हॉल्व्हचा रेडिओ. काटा सरकतो.)

२ ऑक्टोबर १९५३ ला आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं. १९५५ च्या रामनवमीपासून याच केंद्रानं गीतरामायण ऐकवलं, ५६ गीतं, आठवड्याला एक. मराठी कानावर या केंद्राचे उपकार आहेत. पण रेडिओवर बोलायचं ते असंच, हेही त्याच काळात आपल्या मनात पक्कं बसलं. कुणी पाटी लावली नव्हती, तरी ‘पानी’ म्हणणाऱ्यानं रेडिओ नुसता ऐकायचा, असंच ठरून गेलं.

हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये सांगितलं. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना स्वतःचं केंद्र काढायची वाट मोकळी झाली, २००६ मध्ये सामाजिक संस्थांनाही. आज पुण्यात विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ १०७.४ वर लागते, फिल्म इन्स्टिट्यूटचा रेडिओ ९०.४ वर. अशा केंद्राची ताकद साधारण १०० वॅट, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. आवाज पोचतो दहा-पंधरा किलोमीटर. स्वतःच्या बातम्या मात्र द्यायच्या नाहीत, असा नियम आहे. मला तो पटत नाही. भरतीची जाहिरात लांबली की काय होतं, हे अभ्यासिकेतल्या मुलांइतकं कोण सांगू शकेल? बातमी देता येत नाही म्हणून मग ही मुलं आपलं जगणं सांगतात.

(काचेआडून तिचा चेहरा.)

ती मेसमधल्या नळाबद्दल सांगते आहे. ताट धुताना कुणीतरी नळ तसाच सोडून जातं आणि तिचा हात आपोआप तिकडे जातो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा ती शाळेत होती. पहिल्या खेपेला १० वाघिणी, पाच लाख लिटर. “आमच्या घरात सात घागरी होत्या,” ती वाचते, “आन् टँकर आला की पानी...”

काचेपलीकडून हात वर होतो. थांब.

ती थांबते. मान खाली. पेनाचं टोपण काढते आणि ‘पानी’वर रेघ मारायला हात पुढे नेते. पुण्यात आल्यापासून या एका शब्दावरून तिला किती जणांनी टोकलंय, ते त्या हाताला ठाऊक आहे.

हेडफोनमध्ये मित्राचा आवाज येतो, “अगं, ‘प’ फुटला. तोंड जरा तिरकं ठेव. बाकी काही बदलू नको.”

‘प’ म्हणताना ओठांतून हवेचा झोत सुटतो आणि तो सरळ माइकवर आपटला की धप्प आवाज येतो. माइकपासून एक वीत मागे सरकायचं, तोंड किंचित कडेला करायचं, एवढाच त्याला उपाय. ती खुर्ची सरकवते, पेनाला टोपण लावते.

“...टँकर आला की पानी आधी आजीच्या तांब्यात.”

(संध्याकाळ. सदाशिव पेठ. सायकलींच्या गर्दीतून कुठूनतरी तिचाच आवाज.)

लातूरपर्यंत १०० वॅट पोचत नाहीत. कार्यक्रम लागून गेला की ती त्याची ऑडिओ फाइल आईला व्हॉट्सॲपवर पाठवते. आज मेसच्या जिन्यातच आईचा फोन आला.

“पान्याचं सांगितलीस, बरं केलीस. पन घागरी सात नव्हत्या, नऊ होत्या.”