आधी गटार, मग रस्ता

(दृश्य : सकाळ. भागोळीतून, म्हणजे गावाच्या वेशीतून, दुधाचे कॅन लावलेल्या मोटरसायकली बाहेर पडतात.)

बडोद्याहून दक्षिणेला निघालं की शहर लवकर हात सोडत नाही. सोसायट्या, शोरूम, पेट्रोलपंप, पुन्हा सोसायट्या. मग माती काळी होते आणि कपाशी, तूर, एरंडीची शेतं लागतात. हा कानम, काळ्या मातीचा पट्टा. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा आत जाईल इतकी भेगाळते. तिच्यावर बांधलेलं घर असो की रस्ता, ते तिच्याबरोबर हलतं. या गावात दुरुस्ती कधीच संपत नाही, त्याचं पहिलं कारण ही माती आहे.

महामार्गावरून इथवर आलेला डांबरी रस्ता पंचायतीचा नाही, तो मार्ग-मकान (बांधकाम) खात्याचा. पिंपळाच्या पारावरून आत वळलं की हद्द बदलते. तिथून पुढचा खड्डा, तुंबलेलं गटार, खांबावरचा बंद दिवा, सगळं ग्रामपंचायतीच्या अंगावर.

(दृश्य : पंचायत घर. कुलूप उघडतं. टेबलावर रजिस्टरं.)

या तलाटीबाई. पूर्ण हुद्दा तलाटी-कम-मंत्री, म्हणजे महसुलाचं दप्तरही त्यांच्याकडे आणि पंचायतीचं चिटणीसपदही. राहतात बडोद्यात, रावपुऱ्यात. घरात मराठी, इथे दिवसभर गुजराती. सकाळच्या एसटीने येतात. दोन गावांचा चार्ज असल्यामुळे आठवड्याचे दिवस वाटून घेतलेले असतात. गावातल्या बायका त्यांना बेन म्हणतात, आणि खानदेशातून आलेले गवंडी ताई म्हणतात.

त्यांनी आधी काढलं ते आकारणी रजिस्टर. लाल कापडाच्या बांधणीचं, कोपरे झिजलेलं. एका ओळीत एक घर. घर क्रमांक, राहणाऱ्याचं नाव, भिंती विटांच्या की मातीच्या, वर पत्रा की कौलं की स्लॅब, आणि शेवटच्या रकान्यात वेरो, म्हणजे कर. घरवेरो, पाणीवेरो, दिवाबत्ती, सफाई. कुणी भिंत पक्की केली की जुनी नोंद खोडून शेजारी नवी करतात. पन्नास वर्षांत हे गाव मातीतून विटेत कसं आलं, ते या खाडाखोडीत वाचता येतं. कॅमेरा या पानांवर थोडा रेंगाळला आहे, मुद्दामच.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण गावोगावी तिच्यावरून भांडणं होतात. या रजिस्टरातलं नाव म्हणजे मालकी नव्हे. ती वेरा भरणाऱ्याची नोंद आहे. गामतळातल्या, म्हणजे वस्तीच्या जागेतल्या घरांना शेतजमिनीसारखा सातबारा नसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्राने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोनने वस्तीची मोजणी करायची आणि घरमालकाला प्रॉपर्टी कार्ड द्यायचं. ड्रोनच्या आधी माणसं हातात चुन्याची पिशवी घेऊन फिरतात आणि प्रत्येक घराच्या कडेने पांढरी रेघ ओढतात. कुंपण कुठे संपतं आणि रस्ता कुठे सुरू होतो, हे शेजाऱ्यांच्या देखत ठरतं. पंचायतीच्या कामात चुना फार लागतो. पुढे तो पुन्हा दिसेल.

(दृश्य : पंचायत घराची भिंत. जुने फोटो.)

भिंतीवर महाराज सयाजीराव आहेत. बडोद्याच्या मराठी घरात हा फोटो असतोच, इथेही आहे आणि त्याला कारण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बडोदा संस्थानात ग्रामपंचायतींची व्यवस्था बसवली गेली होती. १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, त्याच सुमाराची ही गोष्ट. गावाने आपली विहीर, आपला रस्ता, आपली धर्मशाळा स्वतः बघावी, हा विचार या मातीत शंभर वर्षांहून जुना आहे.

आजची चौकट राज्यघटनेची. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि गुजरातचा पंचायत कायदाही त्याच वर्षीचा. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय आहेत. दहावा ग्रामीण घरबांधणीचा. तेरावा रस्ते, मोऱ्या आणि पूल यांचा. आणि शेवटचा, एकोणतिसावा, सामुदायिक मालमत्तेची देखभाल. नव्या कामाला नारळ फुटतो, पाटी लागते, फोटो निघतो. एकोणतिसाव्याला यातलं काही नसतं. ही फिल्म त्या शेवटच्या विषयासाठी काढली आहे.

(दृश्य : फळिया, म्हणजे आळी. चिखल, विटांचे तुकडे टाकून केलेली पायवाट. एक मुलगी सायकल उचलून नेते.)

गावाच्या मागच्या अंगाचं हे फळिया. इथला रस्ता एकदा झाला होता. सिमेंटचा, चांगला जाड. पण गटाराआधी झाला. घरांतलं सांडपाणी जायला वाट नव्हती, ते रस्त्यावरच वाहत राहिलं, कडेने खाली मुरलं, खालची काळी माती फुगली आणि स्लॅब मधोमध तडकला. मग नळाची पाइपलाइन आली आणि तिच्यासाठी जे उरलं होतं तेही फोडलं. अशी कहाणी नसलेलं गाव आम्हाला या भागात भेटलं नाही.

मधल्या काळात पंचायतीत निवडून आलेलं कुणी नव्हतं. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न सुटेपर्यंत गुजरातमधल्या हजारो पंचायतींच्या निवडणुका लांबल्या, कारभार वहीवटदारांकडे, म्हणजे सरकारने नेमलेल्या प्रशासकांकडे होता. २२ जून २०२५ रोजी मतदान झालं. या गावाला सरपंचबेन मिळाल्या आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी हे फळिया घेतलं. ठराव एका ओळीचा होता : आधी गटार, मग रस्ता.

(दृश्य : पारदर्शक नळी. मिस्त्री आणि तलाटीबाई.)

मिस्त्री मूळ खानदेशचे, या भागात बांधकामावर येऊन त्यांना बरीच वर्षं झाली. त्यांच्या हातातली ही साधी प्लॅस्टिकची नळी, अंगठ्याएवढी जाड, आत पाणी. एक टोक भागोळीकडच्या खुंटीला धरायचं, दुसरं फळियाच्या तळाशी. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येऊन स्थिर झालं की भिंतीवर पेन्सिलने खूण करायची. नळीत बुडबुडा राहिला तर सगळं चुकतं. म्हणून मिस्त्री आधी नळी खांद्यावर घेतात, बोटांनी टिचक्या मारत बुडबुडे वर काढतात आणि मगच खुणेला हात घालतात.

इथे दोघांचं बोलणं जसंच्या तसं ऐका.

"ताई, ढाळ भागोळीकडे नाही. मागे तळ्याकडे आहे."

"एस्टिमेटमध्ये तर भागोळीकडे दाखवलाय, दादा."

"दाखवला असेल. नळी काय सांगते ते बघा ना तुम्ही."

तलाटीबाई वाकून बघतात. मग पर्समधून फोन काढतात आणि तालुक्याच्या इंजिनिअरला लावतात. दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर आले, त्यांनी स्वतः नळी धरली, आणि नकाशावरचा बाण उलटा झाला. हा बाण उलटा झाला नसता तर पावसाचं पाणी चढावाकडे ढकलण्यात पुन्हा सगळा पैसा गेला असता. गवंड्याचं ऐकणारी पंचायत असली की पैसा वाचतो, हे आम्ही समोर उभं राहून पाहिलं.

(दृश्य : खोदाई, गटाराचा तळ, काँक्रीट.)

मग खोदाई. काळी माती जेवढी निघेल तेवढी काढून टाकायची आणि तिच्या जागी मुरूम भरायचा. पाणी मारून रोलर. पुन्हा मुरूम, पुन्हा रोलर. या कामात घाई केली की दोन पावसाळ्यांत कळतं. गटाराला ढाळ दहा फुटांना एक इंच, हा मिस्त्रींचा हिशेब. तळ थापीने असा गुळगुळीत करतात की त्यावर बोट फिरवलं तर खर लागू नये, कारण खरखरीत तळाला केस, पाला, प्लॅस्टिक अडकतं आणि तुंबायला तिथूनच सुरुवात होते. प्रत्येक वळणावर एक चौकोनी कुंडी, वर उचलता येणारं झाकण. जुन्या गटाराला झाकणं पक्की बसवली होती. साफ करायची तर फोडायलाच लागायची.

गटार झालं, नळाची लाइन एका बाजूने गेली, तेव्हा कुठे रस्ता. काँक्रीट पडलं त्या दुपारी सगळं फळिया ओट्यांवर बसून बघत होतं. संध्याकाळी मातीचे छोटे बांध घालून रस्त्यावर चौकोनी वाफे केले आणि पाणी भरलं. पुढचे दिवस ते पाणी आटू द्यायचं नव्हतं. कंत्राटदाराचा माणूस सकाळी एकदा यायचा. बाकीची राखण फळियातल्या बायकांनी केली, दुपारी भांडी घासून झाली की एकेक बादली.

(दृश्य : लोटा. पाणी.)

आणि हा दिवस. मिस्त्री वरच्या टोकाला गटारात लोटाभर पाणी ओततात.

(निवेदन नाही. पाणी पहिल्या कुंडीत उतरतं, पुढे सरकतं. मुलं त्याच्यासोबत धावतात. शेवटच्या कुंडीपर्यंत.)

रस्ता रुंद करताना काही ओटे दोन-दोन फूट कापले गेले. रस्त्यावरचं अतिक्रमण काढण्याचा अधिकार कायद्याने पंचायतीला आहे, नोटिसाही दिल्या होत्या.

(दृश्य : कापलेल्या ओट्याच्या कडेला बसलेल्या आजी. आठ सेकंद.)

(दृश्य : अर्धं बांधलेलं घर. जोत्यावर उभी असलेली बाई.)

घरांचं काम वेगळ्या रीतीने चालतं. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण, नोव्हेंबर २०१६ पासूनची. योजनेच्या मूळ नियमाप्रमाणे सपाट प्रदेशात घरासाठी केंद्र-राज्य मिळून १,२०,००० रुपये, आणि स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचं घर. पैसा पंचायतीच्या हातात येत नाही, हप्त्याहप्त्याने थेट खात्यात जमा होतो. पंचायतीचं काम नावं तपासायचं आणि फोटोचं. जोतं झालं की फोटो, भिंती चढल्या की फोटो, स्लॅब पडला की फोटो, मोबाईलवर जागेच्या खुणेसह. फोटो गेला नाही तर पुढचा हप्ता नाही.

या ताईंचं जोतं तयार आहे. घर त्यांच्याच नावावर मंजूर झालं. त्यांना चूल कुठे, मोरी कुठे हे आधीच ठरवायचं होतं, म्हणून मिस्त्रींनी जोत्यावर चुन्याने सगळं घर आखून दिलं. त्या रेघांमधून चालून दाखवताना त्या दाराच्या जागेवरूनच आत येतात. भिंत अजून नाही, तरी रेघेवर पाय देत नाहीत. "अहीं रसोडुं," इथे स्वयंपाकघर, त्या म्हणतात, आणि खाली बसून चुलीची उंची हाताने दाखवतात.

यादीत नाव असून स्वतःची जागा नसल्यामुळे याच गावातली काही कुटुंबं थांबली आहेत. त्यांना आधी घरथाळाचा, म्हणजे घर बांधायच्या जागेचा, प्लॉट मिळायला हवा.

(दृश्य : पावती पुस्तक. सरपंचबेन, मागे तलाटीबाई, दारोदार.)

पैसा येतो कुठून, हे गावात फार थोड्यांना माहीत असतं. पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला होता, ४० टक्के मोकळा. बांधलेल्या पैशातून गटार होतं. मोकळ्यातून रस्ता, दिवे. पण कुंडीचं तुटलेलं झाकण उद्या बदलायचं असेल, जळालेला दिवा आज संध्याकाळी लावायचा असेल, तर त्यासाठी वरून येणाऱ्या अनुदानाची वाट बघत बसता येत नाही. तो पैसा गावाचाच, म्हणजे वेऱ्याचा. आणि वेरा थकलेला असतो. चांगल्या घरांचासुद्धा. आम्हाला हे खटकलं आणि इथे सांगायचं ते यासाठीच. तीन मजली घर, दारात ट्रॅक्टर, आणि वर्षाचा वेरा बाकी.

सरपंचबेननी एक केलं. वसुलीला नोटीस पाठवण्याऐवजी त्या स्वतः निघाल्या, पावती पुस्तक घेऊन. पहिली पावती स्वतःच्या घराची फाडली. मग दीर, मग भावकी. नंतर बाकीचं गाव. ज्या घरी त्या जात, तिथे आधी विचारत की तुमच्या दारातला दिवा लागतो का? लागत नसेल तर वहीत टिपत, मग वेरा मागत. कार्बन पेपर पुसट झाल्यामुळे तलाटीबाई प्रत्येक पावतीवर पेन दाबून लिहितात, अंगठ्याला निळी शाई.

९ जुलै २०२५ रोजी सकाळी बडोदा आणि आणंद जिल्ह्यांना जोडणारा महीवरचा गंभीरा पूल कोसळला. किमान २० माणसं गेली. त्या दिवसापासून या भागात देखभाल हा शब्द माणसं वेगळ्या आवाजात उच्चारतात. तो पूल पंचायतीचा नव्हता. पण भागोळीजवळच्या मोरीचा कठडा सुटला होता, आणि पंचायतीने तो त्याच आठवड्यात बांधून घेतला.

(दृश्य : ग्रामसभा, २ ऑक्टोबर. सतरंजी, मागे बायका.)

ग्रामसभेत पुढचं काम ठरलं. तळ्याकडचं फळिया. कुणीतरी म्हणालं, रस्ता लवकर करा, दिवाळी आलीय. मागून, सतरंजीच्या शेवटच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. मागच्या फळियातल्याच. त्यांनी एवढंच विचारलं, "गटर पहेलां करशो ने?" गटार आधी करणार ना? सरपंचबेननी मान हलवली आणि तलाटीबाईंनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं.

(दृश्य : संध्याकाळ. भागोळ.)

तलाटीबाईंची एसटी यायला अजून वेळ आहे. मिस्त्री नळी गुंडाळून खांद्याला अडकवतात आणि तळ्याकडे वळतात. त्या फळियात पहिल्या चार घरांपुढे चुना पडला आहे. एका ओट्यावरून रेघ गेली आहे, आणि ओट्याची मालकीण झाडू हातात धरून तिच्याकडे बघत उभी आहे.