गोसेखुर्दवरचा कुरव कुठला?

(दृश्य: पवनीजवळ वैनगंगेचं अडवलेलं पाणी. डोंगे. त्यांच्यामागे पांढरे पक्षी.)

थंडी पडली की गोसेखुर्दच्या पाण्यावर कुरव उतरतात. डोंग्यातले ढीवरकाका सांगतात, “हे थंडीचेच पाखरं आहेत जी.” कुरव म्हटलं की आपल्याला कोकणचा किनारा आठवतो. पण तपकिरी डोक्याचा कुरव घरटं बांधतो ते लडाखच्या त्सो मोरिरीसारख्या तळ्यांकाठी आणि तिबेटच्या पठारावर. समुद्र त्याला भेटतो तो हिवाळ्यातच.

(दृश्य: एका पक्ष्याचा जवळून फोटो.)

आता हा बघा. हिवाळ्यात डोक्याचा रंग उडून कानामागे गडद डाग तेवढा उरतो, म्हणजे नावातली खूणच गेली. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट असतो, पंखांच्या काळ्या टोकांत पांढरे ठिपके असतात. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद, पंखाची पुढची कड पांढरी. या पक्ष्याचा डोळा गडद, पंखाचं टोक मात्र काळंभोर आणि ठिपका एकही नाही. थोडं याचं, थोडं त्याचं. फोटो पाहणारा लगेच म्हणतो, संकर!

जरा शेपटी बघा. टोकाला काळी पट्टी, पंखावर तपकिरी पिसं. हे पहिल्या हिवाळ्यातलं पिल्लू आहे. तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा या वयात गडदच असतो, ठिपके नंतर येतात. संकर म्हणण्याआधी वय विचारावं, एवढं साधं आहे. पण पिल्लाच्या फोटोला ‘लाइक’ कमी पडतात.

कुरवांत संकर होतो, हे खरंच. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर दोन मोठ्या जातींची सर्रास सरमिसळ आहे. एकीची पंखटोकं काळी, दुसरीची पाठीसारखीच राखाडी, आणि संकराची या दोन्हींच्या मधली कुठलीही छटा. ही संतती पुढे पिल्लंही घालते, त्यामुळे नुसत्या रंगावरून वंश सांगणं अवघड होतं.

पक्षी आला कुठून, हे मात्र पीसही सांगू शकतं. पिल्लाची उडायची पिसं जन्मस्थळीच वाढतात. तिथल्या पाण्यातल्या जड हायड्रोजनचं (हायड्रोजनच्याच वजनदार रूपाचं) प्रमाण त्यांत उतरतं आणि उंचावर ते कमी असतं. त्यावरून गाव कळत नाही, मुलूख कळतो.

(दृश्य: पक्ष्याच्या पायातलं धातूचं कडं.)

नेमकी जागा हवी तर कडंच लागतं. अभ्यासक ते पायात घालतात तेव्हा आकडा आणि जागा नोंदवून ठेवतात. असा पक्षी जाळ्यात आला तर कड्यावरचा आकडा लिहून घ्या, फोटो काढा, पक्षी सोडा आणि आकडा मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा.