सुरस, चमत्कारिक आणि एकच पलंग

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘अभ्यासक’ असं छापलंय, ते आधी खोडून घेते. मी वाचक. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर भाचीने तिची ड्रॅगनची पुस्तकं माझ्याकडे आणून टाकली, कारण हॉस्टेलच्या खोलीत ती मावेनात. आलेला माल काय आहे ते बघावं म्हणून एक उघडलं. पहाटे सव्वातीनला मिटलं.

या प्रकाराला आता ‘रोमँटसी’ म्हणतात. रोमान्स आणि फँटसी एका भांड्यात. ऑक्सफर्डच्या कोशवाल्यांनी २०२४ सालचा शब्द निवडताना जे सहा शब्द शेवटच्या फेरीत ठेवले, त्यांत हा होता. भाचीने मला हे मोठं नवल म्हणून सांगितलं. मी म्हटलं, अगं, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. तसल्या कादंबऱ्यांना आमचे टीकाकार ‘अद्भुतरम्य’ म्हणत आले. म्हणत आले म्हणजे नाक मुरडत म्हणत आले, पण शब्द तर तोच ना? अद्भुत अधिक रम्य. आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी रात्री मराठीत आणल्या, तेव्हा नाव दिलं ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’. आजच्या प्रकाशकाला मागच्या कव्हरवर याहून वेगळं काय लिहायचं असतं?

पण माझा हुकमाचा पत्ता पुढे आहे. आपण नॉव्हेलला ‘कादंबरी’ म्हणतो. कादंबरी कोण? सातव्या शतकातल्या बाणभट्टाची नायिका. गंधर्वांची राजकन्या. एका नायिकेचं नाव आपण अख्ख्या वाङ्मयप्रकाराला देऊन बसलोय. म्हणजे वास्तववादी, ग्रामीण, अगदी दुष्काळावरची कादंबरी लिहिणाऱ्यालाही मुखपृष्ठावर या गंधर्वकन्येचं नाव छापावं लागतं. मला याची फार गंमत वाटते.

आता कथा सांगते. नीट ऐका, कारण ही गणितापेक्षा अवघड आहे. पुंडरीक नावाचा तपस्वी तरुण कादंबरीच्या मैत्रिणीच्या, महाश्वेतेच्या प्रेमात पडतो आणि विरहाने मरतो. मरताना, चांदण्याने जास्तच छळलं म्हणून, चंद्राला शाप देतो. चंद्र उलट शाप देतो. मग चंद्र जन्मतो चंद्रापीड नावाचा राजपुत्र म्हणून (कादंबरी प्रेमात पडते ती याच्याच), आणि पुंडरीक होतो त्याचा जिवलग मित्र, वैशंपायन. या वैशंपायनाला रानात महाश्वेता दिसते. का कोण जाणे, तो तिच्यामागे वेडा होतो. ती चिडून त्याला शाप देते, पोपट हो! म्हणजे जिच्या वाटेकडे डोळे लावून ती तप करत बसली होती, त्या प्रियकरालाच तिने पोपट केलं. मित्र गेल्याचं ऐकून चंद्रापीडाचं हृदय फुटतं. आणि ही सगळी हकीकत पुढच्या जन्मी राजा झालेल्या चंद्रापीडाला सांगतो कोण? तोच पोपट. आजकाल ज्याला ‘ट्विस्ट’ म्हणतात, तो हा.

हे वाचल्यावर मी नव्या पुस्तकांना एकच कसोटी लावते. जादू काढून टाका आणि बघा गोष्ट उभी राहते का. बाणाच्या कथेतला शाप काढलात तर हातात काहीच उरत नाही. घोडासुद्धा बिनकामाचा नाही. चंद्रापीडाचा इंद्रायुध अखेर सरोवरात उडी घेतो आणि त्यातून पुंडरीकाचा मित्र वर येतो. आताच्या बऱ्याच पुस्तकांत मात्र ड्रॅगनची अवस्था कंपनीने दिलेल्या गाडीसारखी आहे. रुबाब वाढतो, पोचायचं तिथे पोचतो, पण रिक्षा केली असती तरी प्रेमप्रकरण तेच झालं असतं.

सगळीच तशी नाहीत हं. रिबेका यारोस यांची २०२३ची ती ड्रॅगनस्वारांच्या कॉलेजची कादंबरी घ्या. नायिका हाडापेराने नाजूक, पुस्तकात रमणारी. तिला लेखनिकांच्या शाखेला जायचंय. आई सेनापती. आई म्हणते, काही नाही, ड्रॅगनच्याच शाखेला प्रवेश घ्यायचा. मंडळी, हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवून हसले. दहावीला चांगले गुण पडले की आर्ट्सला जाऊ देत नाहीत, सायन्सला घालतात, तेच की हे! फरक इतकाच की तिथे प्रवेशाच्या दिवशी अरुंद कठड्यावरून चालत जायचं, आणि पडलं की मेलं. आपल्याकडे तेवढं अजून आलेलं नाही.

माझ्या तक्रारीही आहेत. पहिली, नायकाचं वय. सारा मास यांची २०१५ला सुरू झालेली मालिका आहे, त्यात नायिका एकोणीस वर्षांची आणि पुढे भेटणारा खरा नायक पाचशेच्या वर. हिशेब केला तर पोर्तुगीजांनी गोवा घेतला त्या सुमाराचा जन्म. पाचशे वर्षं जगून या जातीच्या नायकांना ‘तू मला आवडतेस’ हे तीन शब्द सरळ म्हणता येत नाहीत. भिंतीला टेकून एक भुवई वर करतात. आमच्या सोसायटीतले आजोबा ऐंशीचे आहेत, त्यांना येतं.

दुसरी, धर्मशाळा. राज्यभर युद्ध पेटलंय, रस्ते ओस पडलेत, तरी रात्री ही दोघं जिथे उतरतात तिथे एकच खोली आणि एकच पलंग. ही तक्रार मी अर्ध्या मनानेच करते. पलंग दोन निघाले असते तर मीच पुस्तक परत केलं असतं.

नकाशाबद्दल काही बोलत नाही. प्रत्येक पुस्तकात असतो, मी एकदाही पाहिलेला नाही.

खरं दुखणं आहे ते वाट बघण्याचं. जॉर्ज मार्टिन यांच्या मालिकेचा पाचवा खंड २०११ला आला, सहाव्याची वाट लोक अजून बघतायत. भाचीही त्या रांगेत. तिला मी सांगितलं, बाणभट्ट तर कथा अर्धी टाकून गेलाच. उरलेली त्याच्या मुलाने लिहिली. मुलगा सुरुवातीला म्हणतो, वडील गेले आणि त्यांच्या वाणीबरोबर कथाही तुटली. ती अपुरी राहिल्याचं सज्जनांना झालेलं दुःख बघून मी हे हाती घेतलं, कवित्वाच्या दर्पाने नव्हे. चौदाशे वर्षांपूर्वी खंड अडकला म्हणून हळहळणारे वाचक होते, आणि त्यांना कुणी ‘सज्जन’ म्हणत होतं!

भाचीने विचारलं, “मावशी, पण मुलाने शेवट गोड केला का?”

केला. दोन्ही जोड्या जमवल्या.

“मग दे,” म्हणाली. माझी ‘कादंबरी’ दिवाळीपासून तिच्या हॉस्टेलवर आहे. ड्रॅगन अजून माझ्याच कपाटात आहेत.